एकोणीस सेकंदांच्या तीन हाका

रविवार, ४ जानेवारी

आठवड्यातून एक सुट्टी मिळायची, तीही आता गेली. मालकाने मला न विचारता वर्कशॉप देऊन टाकलं. किल्ली माझ्याकडे असते म्हणून उघडायला मी जायचं, आणि बंद होईपर्यंत तिथेच बसायचं, कारण या चौघांच्या हाती झाकणं काढायच्या सहा प्रेस सोडून जायला मालकाचा जीव धजत नाही. माझ्यावर भरवसा आहे म्हणे. बावीस वर्षं डब्यांची झाकणं ठोकून भरवशाचं बक्षीस काय मिळालं, तर रविवारची राखण.

आणि कोणासाठी, तर माझ्याच लेकीसाठी. बँड काढलाय तिने. नाव ठेवलंय ‘गंज’. लोखंडाला गंज लागला तर आम्ही रॉकेलच्या फडक्याने पुसून काढतो, हे त्याचं पोस्टर छापतात. गिटार वाजवतो तो मालकाचा भाचा, म्हणून तर वर्कशॉप मिळालं. ड्रमवाला एरवी दातांच्या कवळ्या बनवतो. चौथा जाड तारांची गिटार घेऊन उभा असतो, तो काहीच बोलत नाही, हलतही नाही. मी त्याला खांब म्हणते.

मालक म्हणाला होता, “मुलं गाण्याचा सराव करतील, तुम्हालाही करमणूक.” करमणूक. ड्रमवाल्याने काड्या आपटून चार मोजले आणि सगळे एकदम तुटून पडले. पत्र्याचं बंडल जिन्यावरून सुटावं तसं. लेक माईक तोंडात कोंबून कमरेत वाकली आणि तिच्या पोटातून जो आवाज आला तो मी तिला जन्म देतानाही काढला नव्हता. मी पिशवीतून चष्मा काढेपर्यंत गाणं संपलं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. तर म्हणे झालं, दुसरं घेऊ. चहा निवेपर्यंत अकरा गाणी झाली.

हे लिहून ठेवतेय कारण घरात बोलायची सोय राहिलेली नाही. तोंड उघडलं की नवरा म्हणतो, “अगं हळू, शेजारी ऐकतील.” मीठ द्या म्हटलं तरी ओरडतेस म्हणतात. मी ओरडले तर भांडण आणि लेक ओरडली तर कला. ही डायरी पत्र्याच्या व्यापाऱ्याने नवीन वर्षाची म्हणून दिली. चौथी शिकलेय, तेवढं पुरे. कागद तरी मला हळू लिही म्हणणार नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

लेक दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते. आज डोकेदुखीची गोळी आणायला गेले तर काउंटरमागे गिऱ्हाइकाशी इतकं बारीक बोलत होती की मला एक अक्षर कळेना. तेच रविवारी बघा. दोन्हींच्या मधलं काही या पोरीला येत नाही.

रविवार, ११ जानेवारी

आज मी सरळ विचारलं, हे जे करता त्याला म्हणतात काय? ती काहीतरी पुटपुटली. नीट बोल म्हटलं. परत पुटपुटली. शेवटी चिडून पॅकिंगच्या कागदाच्या पाठीवर सगळं लिहून दिलं. कागद समोरच आहे.

याला म्हणतात ग्राइंडकोर. चाळीसेक वर्षांपूर्वी कारखान्यांच्या एका शहरात रिकामटेकड्या पोरांनी सुरू केलं. त्या काळी एकीकडे पंकवाले होते, ज्यांना वाजवता फारसं येत नसे पण राग भरपूर. दुसरीकडे मेटलवाले, जड गिटार आणि मोकळे केस. या पोरांनी दोन्ही एकत्र करून दळलं. गिटारच्या तारा सैल सोडायच्या म्हणजे आवाज खाली जातो. गाणं मिनिटभराच्या आत आटपायचं. एक तर म्हणे सेकंदभराचं आहे, आणि ते जगभर नावाजलेलं आहे. सेकंदभरात मी एक झाकण काढते. मला कोण नावाजतं?

मधोमध असतो ब्लास्ट बीट. दोन्ही हात आणि पाय इतक्या वेगात चालवायचे की ठोके वेगळे मोजता येऊ नयेत. खाली लेकीने रेघ मारलीय. मोजता येतात. मी मोजले.

मग यांची भावकी. डेथ मेटल म्हणजे असंच, पण गाणं पाच-पाच मिनिटं चालतं आणि गिटारवाल्याला स्वतःचं फार कौतुक. ब्लॅक मेटलवाले तोंडाला पांढरं फासून किंचाळतात. डूम इतकं सावकाश की एक ठोका पडून दुसरा येईपर्यंत भांडी घासून होतील. पॉवरव्हायोलन्स एकदम धावतं, एकदम रांगतं, परत धावतं, नवी बाई प्रेसचं पेडल शिकते तसं. आणि गोअरग्राइंडमध्ये मुडदे आणि आतडी. मालकाच्या भाच्याच्या शर्टावर तीच छापलेली आहेत. आईने धुवायला घेतला तर काय म्हणत असेल?

मी म्हटलं, “एवढा राग कशाचा आहे तुम्हाला?” तर ड्रमवाला पुढे येऊन तोंड उघडून स्वच्छ म्हणाला, “काकू, युद्ध, कारखाने, मालक लोक, सगळ्याचा.” मालकाच्या वर्कशॉपात, मालकाच्या भाच्यासोबत. म्हटलं, चालू द्या.

सगळ्यात मोठी गंमत पुढे. सुरू करण्याआधी चौघांनी खिशातून डब्या काढल्या आणि कानात बोळे घातले. औषधाच्या दुकानात मिळतात तसले, पिवळे. म्हणजे जगाचे कान फोडायचे आणि आपले झाकून ठेवायचे. लेकीने माझ्यासाठीही एक जोड आणला होता. मी म्हटलं, तुझ्या जन्माच्या आधीपासून प्रेसवर बसतेय, मला कसले बोळे शिकवतेस. बटणांच्या डबीत टाकून दिलेत.

एक मात्र मान्य करावं लागेल. यांचं ऐकू स्वच्छ येतं. बाकी सगळं जग हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतं.

बुधवार, १४ जानेवारी

कुकरची शिट्टी बिघडली. तळाला सगळं काळं झालं तरी वाजली नाही. नवरा बाहेरून धावत आला आणि म्हणाला, “सहा शिट्ट्या झाल्या, तू इथेच बसलीस.” सहा. माणूस पंचवीस वर्षं सरकारी कागदांवर शिक्के मारून मारून खोटं मोजायला शिकलाय.

दाराची बेलही गेलीय. नवीन बसवा म्हणून चारदा सांगितलं. हो म्हणतो आणि पेपर वाचतो.

रविवार, १८ जानेवारी

आज राखणीला स्टूल नव्हतं, म्हणून ड्रमच्या लाकडी फळीवरच टेकले. चपला काढून. तिसऱ्या गाण्यात मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

ड्रमवाल्याला म्हटलं, “तुझा डावा पाय दमतो. आठ ठोके बरे पडतात, नववा उशिरा येतो.”

तो म्हणाला, “नाही काकू.”

“नाही काय? परत वाजव.”

वाजवलं. नववा उशिरा आला. चौघं माझ्याकडे बघायला लागले, मी काही चमत्कार केल्यासारखं. पेडल बावीस वर्षं मारतेय बाबांनो, दमलेला पाय मला कळणार नाही? म्हटलं, टाच टेकवू नकोस, मांडीतून दाब. तासाभराने सुधारला. म्हणजे आवाज सुधारला असं नाही, कचरा तो कचराच, पण सरळ रेषेत पडलेला कचरा.

निघताना मी कुलूप लावत होते, तर लेक एकदम वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा पडलेला. काय झालं विचारलं तर मान हलवली. काही नाही. रस्ताभर माझा दंड धरून चालली, मी म्हातारी असल्यासारखी. मी दोनदा झटकला.

गुरुवार, २२ जानेवारी

आमच्या वर्कशॉपात तोंडाने कोणी बोलत नाही. सहा प्रेस चालू असताना बोलून उपयोगच नाही. म्हणून आम्हा बायकांच्या खुणा आहेत. मनगटावर दोन बोटं म्हणजे किती वाजले. मुठीला अंगठा म्हणजे मालक येतोय. छातीवर सपाट तळहात दोनदा आपटला की इकडे बघ. लेक शाळेतून सरळ वर्कशॉपात यायची, पॅकिंगच्या टेबलाखाली अभ्यास करायची, तिलाही सगळ्या येतात. पाढ्यांच्या आधी खुणा शिकली.

दुसरी गोष्ट माझ्या कानाची. पत्रा कापणारा साचा बोथट व्हायला लागला की प्रेसचा आवाज बदलतो. नुसता ‘ठक’ येतो त्याला शेपूट फुटतं, ‘ठक्श’ असं. साच्याला चीर पडली की आणखी वेगळा. मी सहाही प्रेसचा ओळखते, पाठ करून बसले असले तरी. हात वर केला की मालक तेवढी प्रेस थांबवतो आणि साचा बदलतो. तपासायचं यंत्र घ्या म्हणून कोणीतरी सांगायला आला होता, तर मालक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “आमच्याकडे बाईंचा कान आहे.” गेल्या दिवाळी-बिवाळीची गोष्ट नाही, पंधरा वर्षं झाली. अजून तेच सांगतो.

हल्ली साचे चांगले येतात. दोन महिने झाले, एकदाही हात वर करावा लागला नाही.

रविवार, २५ जानेवारी

आज गाण्याचे कागद खाली पडले होते, उचलून वाचले. ओरडताना एक शब्द कळत नाही, निदान कागदावर तरी कळेल. पहिलं होतं खाणीवर, पाच शब्द. दुसरं टीव्हीवर, तीन शब्द. लेकीला म्हटलं, “एवढ्यासाठी घसा फोडतेस?” तर म्हणाली (समोर उभं राहून, तोंड मोठं उघडून, मूर्खाशी बोलतात तसं) की घशाचं नाही, पोटाचं आहे, श्वास पोटातून दाबायचा आणि गळ्याच्या वरच्या पडद्यांवर घासायचा, खालच्यांना धक्का लागू द्यायचा नाही. वर्षभर शिकलेय, चुकीचं केलं तर आवाज जातो. म्हणजे घाण आवाज काढायचाही क्लास असतो.

तिसरा कागद तिच्या अक्षरात होता. नाव ‘तीन हाका’. बाजूला लिहिलेलं, एकोणीस सेकंद. जसंच्या तसं उतरवतेय:

आईला हाक मारली.
आईला हाक मारली.
आईला हाक मारली.
पाठ.

संपलं.

मी कागद घडी करून तिच्या हातात दिला आणि उरलेला वेळ दाराबाहेर पायरीवर बसले.

सोमवार, २६ जानेवारी

पाठ. हिच्यासाठी मी कधी पाठ फिरवली? तापात चार रात्री उभी राहिले ती मी. बाप झोपलेला. शाळेत नाव घालताना इंग्रजी फॉर्म वाचता येईना म्हणून शिपायाकडून वाचून घेतला, लाज गिळून, ती मी. आणि आता परक्या लोकांसमोर कमरेत वाकून ओरडणार, की आई बघत नाही. तेही एकोणीस सेकंदांत. माझी किंमत एकोणीस सेकंद.

बोलणं बंद केलंय. तिला चालतंय असं दिसतं. चिठ्ठ्या लिहून ठेवते. “आई, मंगळवारी माझ्याबरोबर एका ठिकाणी येशील?” नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

गेले, उघडलं, बसले, बंद केलं. कोणाशी बोलले नाही. ड्रमवाल्याचा नववा ठोका आता वेळेवर पडतो, सांगितलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी



सकाळी अकराच्या सुमारास दोन नंबरची प्रेस फुटली. साचा मधोमध तडकला आणि बोटाएवढा तुकडा उडून दोन नंबरवालीच्या हनुवटीला लागला. माझ्याच शेजारी बसते ती, अकरा वर्षं. रक्त बघितलं तेव्हा मला कळलं. तोपर्यंत मी माझी झाकणं काढत बसले होते. चार बोटं वर लागलं असतं तर डोळा होता.

मालकाने मेन स्विच पाडला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. दोन नंबरवालीसुद्धा, हनुवटीला फडकं धरून. तिच्या बघण्यात राग नव्हता, तेच वाईट.

मालक तोंडाजवळ येऊन म्हणाला, “बाई, तुम्हाला ऐकू आलं नाही?”

मी म्हटलं, “प्रेस बोललीच नाही.”

सहा नंबरवाली, परवा-परवा कामाला लागलेली पोर, ती म्हणाली, “ताई, काल दुपारपासून किंचाळत होती. आम्हाला वाटलं तुम्ही हात वर कराल.”

काल दुपारपासून.

दोन नंबरवालीला पाच टाके पडले. तिच्या घरी जाऊन आले. ती बोलत राहिली, मी तिच्या तोंडाकडे बघत मान हलवत राहिले. पट्टीमुळे ओठ नीट हलत नव्हते. काय म्हणाली ते मला ठाऊक नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मालकाने बोलावून सांगितलं, एक तारखेपासून पॅकिंगच्या टेबलावर बसा. तिथे कान लागत नाही. आणि वर म्हणाला, “वय होतं बाई, मनाला लावून घेऊ नका.” सत्तेचाळीस. त्याच्या बायकोहून दोनाने लहान आहे मी.

पॅकिंगच्या टेबलावर. लेक ज्याच्याखाली बसून अभ्यास करायची त्या.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज ‘गंज’चा कार्यक्रम होता, संध्याकाळी पाचला, सायकलींच्या जुन्या गोदामात. जाणार नव्हते. नवरा म्हणाला, “चल, मी पण येतो.” हा माणूस लग्नाच्या वरातीतही बँडपासून लांब चालला होता. काहीतरी शिजत होतं दोघांचं.

ऐंशी-नव्वद माणसं असतील. सगळी काळ्या कपड्यांत, जणू एकाच घरी सुतक. शर्टांवर जी नावं असतात ती वाळलेल्या काटक्या टाकल्यासारखी, वाचता येऊ नयेत अशीच लिहितात. लहान असताना शाळेत असं लिहिलं असतं तर छडी मिळाली असती. पण सगळ्यांनी सरकून मला पुढे जागा दिली आणि कोणीतरी खुर्ची आणली. नवऱ्याने कानात बोळे घातले. त्याच्याकडेही होते. सगळ्या गावाकडे होते, माझे बटणांच्या डबीत.

आधी दुसरा एक बँड झाला. त्यांचा गाणारा शर्ट काढून जमिनीवर लोळला. दुखत असेल तर डॉक्टरकडे न्या, एवढंच मी म्हणेन. पुढे चार-पाच जण एकमेकांना ढकलत गोल फिरत होते. एक पडला तर बाकीच्यांनी लगेच उचलून, झाडून परत उभा केला. ढकलायचंच होतं तर उचलायचं कशाला?

मग आमचे. मी उठून मोठ्या स्पीकरच्या लाकडाला हात टेकवून उभी राहिले, खुर्चीत पाठ दुखत होती म्हणून. पाचव्या की सहाव्या गाण्याआधी लेकीने माईक खाली ठेवला. गोदामात सगळे थांबले. तिने माझ्याकडे बघितलं आणि छातीवर सपाट तळहात दोनदा आपटला.

इकडे बघ.

पाठ फिरवून उभी राहिली. वळली. परत दोनदा. पाठ. वळली. परत दोनदा. तोंडातून अवाक्षर नाही. मग चौघं एकदम फुटले, आणि एकोणीस सेकंद त्या लाकडातून माझ्या हातात, दंडात, दातांत सगळं घुसलं, आणि थांबलं.

मागे बघितलं तर काळ्या कपड्यांतली ती सगळी माणसं छातीवर हात आपटत होती. दोनदा. दोनदा. आमच्या वर्कशॉपातली खूण, ज्यांनी आयुष्यात एक झाकण काढलं नाही ते.

त्या रविवारी मी कुलूप लावत होते. तिने मागून तीन हाका मारल्या होत्या.

नवऱ्याने विचारलं, “आवडलं का?” त्याचे ओठ बघून कळलं. मी म्हटलं, “भिकार आहे.” नव्वद माणसं वळून बघायला लागली. म्हणजे मोठ्याने म्हटलं असणार.

मंगळवार, १० फेब्रुवारी

लेक नेणार होती ते एक ठिकाण म्हणजे कान तपासायचा दवाखाना. कपाटाएवढी खोली, आत मला बसवलं, कानांवर मोठे टोप चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. काचेपलीकडे एक बाई. मी बटण हातात घेऊन बसले, बसले, बसले. शेवटी काचेतून त्या बाईचा हात हलताना बघून दाबायला लागले. तिने दुसऱ्यांदा करायला लावलं आणि हात टेबलाखाली घेतला. हुशार आहे.

कागदावर दोन रेघा आल्या, जिन्यासारख्या, खाली उतरणाऱ्या. बारीक आवाजांच्या पायऱ्या तळघरात गेल्यात. बेल, शिट्टी, माणसांच्या बोलण्यातली स आणि श, आणि पत्र्याचं शेपूट. जाड आवाज थोडे उरलेत. बाईने लिहून विचारलं, काम काय करता, किती वर्षं, कानाला काही लावत होतात का. मी तिसऱ्याचं उत्तर दिलं नाही. तिने लिहिलं: गेलेलं परत येत नाही. मशीन लावून थोडं कळेल. उरलेलं सांभाळा.

लेक बाहेर बाकावर बसून रडत होती. म्हटलं, “पुरे. रविवारी ज्या पोटातून ओरडतेस तिथून बोलत जा माझ्याशी, मला बरोबर कळतं.” तर त्या दवाखान्यात, सगळ्यांसमोर, त्याच घाणेरड्या आवाजात म्हणाली, “आ—ई, च—हा?” एक म्हातारा खुर्चीवरून उठला. चहा घेतला.

आल्यावर बटणांची डबी उपडी केली. बोळे सापडले. बोटभर फोम. कवळ्या बनवणारा, खांब, औषधवाली आणि आतड्यांचा शर्ट घालणारा, या चार टोळभैरवांना कान सांभाळायची अक्कल आहे. आठवड्यात तीन तास आवाज करतात आणि कान झाकतात. आम्ही सहा बायका दिवसाचे नऊ तास बसतो, आणि बावीस वर्षांत मालकाने झाकायला दिलं काय? पॅकिंगचे खोके.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज एक गोष्ट करून बघितली. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाहेर गेल्या तेव्हा एक एक प्रेस चालवली आणि चौकटीवर उजवा तळहात ठेवला. डोळे मिटून. ड्रमवाल्याचा पाय मला कळला होता तो कानाने नव्हता, तेव्हा चपला काढलेल्या होत्या. चार नंबरच्या चौकटीत शेपूट लागलं. हाताला, कोपरापर्यंत, स्वच्छ. हात वर केला. मालक आला, तोंड वाकडं करत साचा काढला, उजेडात धरला. केसाएवढी चीर.

काही बोलला नाही. निदान मला दिसेल असं नाही.

सुट्टी संपल्यावर दोन नंबरवालीला बाजूला घेऊन सांगितलं, सगळं. कागद दाखवला. म्हटलं, चूक माझी होती, मला माहीत असायला हवं होतं. तिने पट्टीवरून हात फिरवला, मग छातीवर दोनदा हात आपटला, मी बघेपर्यंत थांबली, आणि आपला डावा कान दाखवून मान हलवली. तिचाही. नंतर तीन नंबरवाली. मग पाच.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

खालचं पत्र उद्या सकाळी मालकाच्या टेबलावर ठेवणार आहे. लेकीने शुद्ध करून देते म्हटलं, मी दिलं नाही. मग म्हणाली गाणं करते. म्हटलं, कर, पण चाळीस सेकंदांच्या खाली नको.

मालक,

बावीस वर्षं तुम्ही माझा कान वापरला. तो संपला. डॉक्टरीणबाईंचा कागद सोबत जोडलाय, जिन्यासारखी रेघ ती माझी. वय झालं म्हणालात. वयाने जातात त्या रेघा वेगळ्या असतात, मी विचारून आलेय.

सहाही जणींना कानांवर लावायचे टोप पाहिजेत, चांगले, आणि जिच्या तिच्या नावाचे. सहाही जणींची तपासणी कामाच्या वेळात झाली पाहिजे, सुट्टीत नाही. साचे तपासायचं यंत्र आणा. ते येईपर्यंत दर तासाला प्रेस थांबवून-चालवून मी चौकटीला हात लावून सांगेन, हे बुधवारी तुम्ही चार नंबरला बघितलं आहे. त्यामुळे मी पॅकिंगला जाणार नाही. एक नंबरवर बसेन आणि नव्या पोरीला हाताने ओळखायला शिकवेन. दोन नंबरवालीची हनुवटी तुमच्या आणि माझ्या दोघांच्या डोक्यावर आहे. माझ्या वाट्याचं मी तिला सांगून आलेय. तुमच्या वाट्याचं तुम्ही सांगा.

रविवारची किल्ली मी यापुढेही घेऊन येईन. तुमचा भाचा आणि त्याची मंडळी वाजवतात ते भिकार आहे, पण तेवढी अक्कल त्यांनी मला दिली जेवढी या वर्कशॉपात कोणी दिली नाही. त्याला शर्ट मात्र बदलायला सांगा.

खाली सहा सह्या आहेत. शनिवारी, २१ तारखेला, चारच्या चहापर्यंत उत्तर पाहिजे. नाही आलं तर सोमवारी आम्ही सहाजणी वेळेवर येऊ, आपापल्या प्रेसजवळ उभ्या राहू आणि पेडलला पाय लावणार नाही. तेवढी शांतता तुम्ही या वर्कशॉपात कधी ऐकली नसेल.

उत्तर कागदावर द्या. तोंडी सांगू नका. मला ऐकू येत नाही.